खुर्ची थेट, मत उशिरा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या दहा नगरपरिषदा आणि तीन नगरपंचायतींसाठी २ डिसेंबर २०२५ला मतदान झालं आणि यंत्रं कुलपात गेली. दुसऱ्या दिवशी उधळायचा म्हणून गुलालाची पोती आणून ठेवलेल्यांची पंचाईत झाली. काही ठिकाणचं मतदान २० तारखेवर गेलं होतं. आधीच्या निकालाचा त्यावर परिणाम नको, म्हणून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सगळीकडची मोजणी २१ डिसेंबरला एकदमच करायला सांगितली. जयसिंगपूर, कागल, गडहिंग्लज, मुरगूड, हुपरी, पन्हाळा, सगळीकडं लोकांनी नगराध्यक्ष निवडलेला होता, फक्त तो कोण हे कुणालाच ठाऊक नव्हतं. यंत्रं ठेवली होती तिथं कार्यकर्ते आळीपाळीनं राखण करत होते. त्यातच कोल्हापूर महानगरपालिकेची निवडणूक १५ जानेवारी २०२६ला होणार असं जाहीर झालं. त्या दिवसांत शहरात दोन माणसं भेटली आणि राजकारण निघालं नाही, असं होत नव्हतं.

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे मामा जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत कारकून म्हणून लागले आणि कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. मत कायम हाताला. त्यांची भाची वकील आहे. १८ ऑगस्ट २०२५ला कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं तेव्हापासून तिच्या फेऱ्या वाढल्यात. सासर जयसिंगपूरचं, आणि निवडणुकीत ती कमळाच्या बूथवर बसते. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे, म्हणून भांडण मोकळं होतं. मी ऐकायला असतो. अधूनमधून तोंड घालतो, पण तिथं माझं फारसं चालत नाही.

"मामा, दोन तारखेला मी तीन बटणं दाबून आलोय," ती म्हणाली. इथं आली की तिची बोली आपोआप माहेरच्या वळणावर जाते. "दोन नगरसेवकांची, एक नगराध्यक्षाचं. तुम्ही उभ्या नोकरीत इतके नगराध्यक्ष निवडताना बघितले. त्यात मतदार कुठं होता?"

"मतदारानं निवडलेला नगरसेवक होता की."

"नगरसेवक गोव्याला होता!"

मामा हसले. हे त्यांना नाकारता येत नव्हतं, कारण सहलीच्या गोष्टी आम्ही त्यांच्याच तोंडून ऐकलेल्या. नगराध्यक्षपदाची निवड लागली की आठ-दहा दिवस आधी सदस्य गावातून गायब व्हायचे. घरच्यांना विचारलं की "देवदर्शनाला गेलेत". फोन बंद. निवडीच्या दिवशी बरोबर वेळेला दोन टेम्पो ट्रॅव्हलर नगरपरिषदेच्या फाटकातून आत यायच्या आणि एकाच रंगाचे फेटे बांधलेली माणसं एकामागोमाग एक उतरायची. पुढं एक, मागं एक राखणदार. सभागृहाच्या दारापर्यंत सोडून तो बाहेर उभा राहायचा. आत प्रांतसाहेब पीठासीन अधिकारी. मतदान हात वर करून. मामा हजेरीपत्रक घेऊन बाजूला बसायचे. एकदा रात्रभराच्या प्रवासानं डोळे मिटलेल्या एका सदस्यानं दोन्ही उमेदवारांच्या वेळी हात वर केला. साहेबांनी मामांकडं बघितलं, मामांनी छताकडं.

"मग?" भाची म्हणाली. "ह्याला तुम्ही लोकशाही म्हणताय? आता माणूस थेट लोकांतून येतोय. दहा-बारा जणांना बसमध्ये घातलं की झालं, असं आता चालत नाही. गाव काही बसमध्ये बसवता येत नाही."

"गाव बसत नाही, पाकीट बसतंय," मामा म्हणाले. "आधी दहा-बारा जणांना वाटायचं, आता अख्ख्या गावाला. खर्च वाढला, एवढाच फरक. आणि कोल्हापूरला कोण 'थेट' म्हणालं की मला पाइपलाइनच आठवती. काळम्मावाडीचं पाणी थेट येणार, थेट येणार म्हणत किती वर्षं गेली ते तुला ठाऊक हाय."

"आलं ना शेवटी, २०२३च्या दिवाळीला?"

"आलं. कुणी आणलं ते पण सांग की."

ती सांगणार नव्हती. काँग्रेसच्या सतेज पाटलांचं नाव तिच्या तोंडून काढणं हा मामांचा जुना छंद आहे.

इथं वाचकांसाठी थोडं मागं जातो, कारण थेट नगराध्यक्षाची गोष्ट दोघंही आपापल्या सोयीच्या ठिकाणापासून सांगतात. नगरपरिषदांचा कायदा १९६५चा. १९७४ साली एकदा नगराध्यक्ष लोकांतून निवडला गेला, मग ते बंद पडलं. २००१ला विलासराव देशमुखांच्या काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारनं ते पुन्हा आणलं आणि पाच वर्षांत पुन्हा मोडीत काढलं. २०१६ला फडणवीस सरकारनं आणलं. महाविकास आघाडी सत्तेवर आली आणि काही महिन्यांत तिनं ते काढलं. जुलै २०२२ला शिंदे-फडणवीस सरकार आलं आणि पहिल्या काही निर्णयांतच ते परत आलं. यातली गंमत अशी की आघाडीनं ही पद्धत काढली तेव्हा नगरविकास खातं एकनाथ शिंदे यांच्याकडंच होतं. म्हणजे ज्यांच्या खात्यानं काढली, त्यांनीच मुख्यमंत्री झाल्यावर परत आणली. भूमिका बदलायला माणूस बदलावा लागला नाही.

मामांना हे उदाहरण फार आवडतं. "एका पेनानं खोडलं, त्याच पेनानं लिहिलं. लोकांचा अधिकार म्हणे!"

"आणि २००१?" भाची वकील आहे, तिला उलटतपासणी येते. "तेव्हा थेट पद्धत कुणी आणली? तुमच्याच विलासरावांनी. तेव्हा तुम्ही विरोध केला होता काय?"

"मी सरकारी नोकर. मला कसलं मत?"

"आता तर निवृत्त आहात. सांगा."

मामांनी चहा ढवळला. साखर घालत नाहीत, तरी ढवळतात. मग ते त्यांच्या खऱ्या मुद्द्यावर आले, आणि माझ्या मते त्या दुपारचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच होता.

"तुला निवड दिसती, मला त्यानंतरची पाच वर्षं दिसत्यात," ते म्हणाले. "नगराध्यक्ष एका पार्टीचा, सभागृहात बहुमत दुसऱ्या पार्टीचं. सर्वसाधारण सभा लावायची कुणी? नगराध्यक्षानं. विषयपत्रिकेवर काय घ्यायचं? त्याच्या मनाचं. मग सभागृह म्हणतं, तुझा विषय नामंजूर. ठराव होतो एक, इतिवृत्तात लिहिला जातो दुसरा, आणि मग ज्याचं बिनसलं तो जिल्हाधिकाऱ्यांकडं पळतो, तीनशेआठ लावा म्हणून."

कलम ३०८ म्हणजे नगरपरिषदेच्या ठरावाची अंमलबजावणी थांबवायचा जिल्हाधिकाऱ्यांचा अधिकार. नगरपरिषदेत काम केलेल्या माणसाच्या तोंडी हा आकडा शिवीसारखा येतो.

"गटारीचं टेंडर अडकलं, दिवाबत्तीचं अडकलं. लोक कारकुनाला विचारायचे, आम्ही फायली दाखवायचो. आधी तसं झालं तर सभागृह अविश्वास आणून माणूस खाली खेचायचं. बसमधून आलेली माणसं बसमधून जाऊन दुसरा आणायची. घाण होती, पण गाडी हलायची. आता गाडी स्वच्छ, पण जागेवर."

"म्हणजे लोकांनी निवडलेला माणूस बारा जणांनी रुसून काढला, ते तुम्हाला चाललं असतं?"

"आणि लोकांनी निवडलेले बारा जण एका माणसानं पाच वर्षं टांगून ठेवले, ते तुला चालतंय? ते पण लोकांनीच निवडलेत."

यावर भाची थोडा वेळ बोलली नाही. मीच मध्ये पडलो. मी थेट निवडीच्या बाजूचा. सहलीच्या गोष्टी ऐकून ऐकून झालोय म्हणा. पण ज्यांनी बसवला त्यांनाच उठवताही यायला हवं. गावात निदान काहीतरी व्यवस्था आहे. २०१७ला सरपंच थेट केला तेव्हा त्याच्यावरचा अविश्वास ठराव शेवटी ग्रामसभेपुढं नेऊन गुप्त मतदानानं पक्का करायची तरतूद ठेवली. शहराला ग्रामसभाच नाही. जयसिंगपूरची माणसं नगराध्यक्षाबद्दल एकत्र बसून हात वर करतील अशी जागा कायद्यात कुठं आहे?

"तुम्ही मधलं बोलताय," मामा मला म्हणाले. त्यांच्या लेखी हा अवगुण.

मग त्यांनी मोर्चा एकदम दिल्लीकडं वळवला. "थेट, थेट काय लावलंयस? देशाचा राष्ट्रपती कोण निवडतं? तू, मी? आपले आमदार आणि खासदार. आणि तिथं एका आमदाराचं मत म्हणजे एक मत नव्हं. महाराष्ट्राच्या आमदाराचं मत १७५चं. कागलचे मुश्रीफ असोत नाहीतर राधानगरीचे आबिटकर, तेवढंच. जिल्ह्याचे दहा आमदार, १,७५० झाले. उत्तर प्रदेशच्या एका आमदाराचं २०८, सिक्कीमच्या आमदाराचं ७."

हा हिशोब मामांनी कागदावर करून दाखवला. १९७१च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ होती. तिला २८८ आमदारांनी भागायचं आणि मग हजारानं. उत्तर १७५. आज राज्याची माणसं दुपटीहून जास्त झाली असतील, तरी हिशोब १९७१चाच, कारण ज्या राज्यांनी लोकसंख्या आटोक्यात ठेवली त्यांचं वजन घटू नये म्हणून आणीबाणीत ४२व्या घटनादुरुस्तीनं आकडा तिथंच गोठवला आणि पुढं ती मुदत वाढवली गेली. म्हणजे राष्ट्रपती निवडताना कोल्हापूरचा आमदार जी माणसं घेऊन उभा राहतो त्यांतली कित्येक आज हयात नाहीत, आणि जी आहेत त्यांतली निम्म्याहून जास्त मोजलेलीच नाहीत.

"आणि गंमत बघ," मामा म्हणाले, "तिथं व्हिप चालत नाही. मत गुप्त. ६९ला इंदिराबाईंनी काय केलं? पक्षाचा उमेदवार संजीव रेड्डी, आणि ह्या म्हणाल्या, सदसद्विवेकबुद्धीनं मत द्या. गिरी निवडून आले."

"तुमचे यशवंतराव तर बंगळूरच्या बैठकीत रेड्डींच्या बाजूचे होते."

"होते. नंतर इंदिराबाईंकडं गेले. ते पण मान्य."

"आणि त्याच निवडणुकीत तिसरा उमेदवार मराठी होता. चिंतामणराव देशमुख. संयुक्त महाराष्ट्रासाठी नेहरूंच्या तोंडावर अर्थमंत्रिपदाचा राजीनामा फेकणारा माणूस. त्यांना पाठिंबा कुणाचा? जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाचा. तुमच्या काँग्रेसच्या मराठी आमदारांची सदसद्विवेकबुद्धी तेव्हा कुठं होती? २००७ला निदान शिवसेनेनं युती असतानाही शेखावतांना सोडून मराठी म्हणून प्रतिभाताईंना मत दिलं."

हे तिनं कुठं वाचलं ठाऊक नाही, पण मामा गप्प झाले. पहिल्या पसंतीची १,१२,७६९ मतं देशमुखांना मिळाली होती. रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर, आणि त्याची आठवण आज कोल्हापुरात एका भाजपच्या बूथप्रमुखाला आहे, काँग्रेसच्या निष्ठावंताला नाही. मला हे गमतीचं वाटलं, पण दोघांचा जोर बघून मी बोललो नाही.

"राष्ट्रपतीचं वेगळं," ती पुढं म्हणाली. "तो सरकार चालवत नाही. नगराध्यक्षाला कारभार करायचाय. जो कारभार करणार, त्याला लोकांनी निवडावं."

"असं?" मामांचे डोळे चमकले. ते याचीच वाट बघत होते. "मग मुख्यमंत्री का नाही थेट? बरं, तो राहू दे. महापौर? सरपंच थेट केला, नगराध्यक्ष थेट केला. हुपरीचा नगराध्यक्ष लोकांनी निवडायचा, आणि कोल्हापूरचा, पुण्याचा, मुंबईचा महापौर नगरसेवकांनी? तिथं सहल चालती काय? तुमच्या सरकारला लोकांच्या अधिकाराचा एवढा उमाळा, तो लहान गावांनाच कसा पुरतो?"

"महापौराला अधिकारच नाहीत, मामा. महानगरपालिका आयुक्त चालवतो. महापौर फक्त सभा चालवतो आणि पाहुण्यांना शाल देतो."

"मग अधिकार द्या आणि थेट करा!"

या ठिकाणी तिच्याकडं उत्तर नव्हतं, आणि माझ्या माहितीप्रमाणं तिच्या पक्षाकडंही नाही. उत्तर सरळ आहे, फक्त बूथवर बसणाऱ्याला ते बोलता येत नाही. मोठ्या शहराचा लोकांनी निवडलेला, अधिकार असलेला महापौर म्हणजे मुख्यमंत्र्याला डोईजड होणारा माणूस. तो कुठल्याच पक्षाला नको आहे. लहान गावातला थेट नगराध्यक्ष मात्र पक्षाला फायद्याचा, कारण प्रभागात ओळखीपाळखीवर मत जातं आणि गावभरच्या मतात चिन्ह चालतं. २०१६ला भाजपचा नगराध्यक्षांतला वाटा नगरसेवकांतल्या वाट्यापेक्षा बराच मोठा होता. आघाडीनं ती पद्धत का काढली आणि युतीनं का परत आणली, याचं कारण तिथं आहे. तत्त्व मागाहून चिकटवलं गेलं.

आणि महापौरपदाचं कोल्हापूरनं काय केलं, ते साऱ्या राज्याला ठाऊक आहे. कायद्यानं महापौराची मुदत अडीच वर्षांची. २०१५ ते २०२० या एका सभागृहात अश्विनी रामाणे यांच्यापासून निलोफर आजरेकर यांच्यापर्यंत सात-आठ महापौर झाले. नेते आधीच महिने वाटून द्यायचे, ठरल्या दिवशी राजीनामा, की पुढचीची पाळी. कुणी वर्षभर, कुणी काही महिने. केबिनच्या दारावरची पाटी लिहिणाऱ्या पेंटरची तेवढी चांदी झाली.

"ते तुमच्याच आघाडीनं केलं," भाची म्हणाली.

"केलं. प्रत्येकाच्या घरी एकदा महापौराची गाडी जाऊन आली. वाईट काय झालं?" हे मात्र मामा गमतीनं म्हणाले. की खरंच म्हणाले, मला अजून कळलेलं नाही.

एव्हाना दोघांचा सूर चढला होता. मामांनी मतदार यादी काढली, म्हणजे विषय काढला.

"लोकसभेला कोल्हापूर मतदारसंघानं आमच्या शाहू महाराजांना दीड लाखाच्या वर मताधिक्य दिलं. सहा महिन्यांत विधानसभेला जिल्ह्यातल्या दहाच्या दहा जागा तुमच्या, नाहीतर तुमच्या वळचणीच्या. चंदगडचा अपक्ष, तो पण तुमचाच बंडखोर. आणि मधल्या काळात राज्याच्या यादीत चाळीस लाखांच्या आसपास नावं वाढली. मला कुणी सांगेल काय, ही माणसं कुठनं आली?"

"मामा, त्याच लोकसभेला, त्याच दिवशी, ह्याच जिल्ह्यात हातकणंगल्याला धैर्यशील माने जिंकले. ते सांगत नाही तुम्ही. म्हणजे जिल्हा तेव्हाच अर्धा आमच्याकडं होता. मध्ये लाडकी बहीण आली, दीड हजार रुपये खात्यावर पडले, ते पण सांगत नाही. आणि कोल्हापूर उत्तरचं काय? माघारीच्या शेवटच्या दिवशी तुमच्या पक्षाच्या अधिकृत उमेदवारानं अर्ज मागं घेतला. यंत्रावर हाताचं चिन्हच नव्हतं! ज्या शहरात उभा जन्म हाताला मत देणारी तुमच्यासारखी माणसं आहेत, त्यांना बटणच दिलं नाही तुमच्या पक्षानं. हा मताचा अधिकार कुणी चोरला?"

मामांना हे लागलं. नोव्हेंबर २०२४चा तो दिवस शहर विसरलेलं नाही. आधी जाहीर केलेली उमेदवारी बदलली, राजघराण्यातल्या मधुरिमाराजेंना दिली, आणि वेळ संपता संपता माघार. ज्याची उमेदवारी काढली होती त्यालाच अपक्ष म्हणून पाठिंबा द्यायची वेळ आली. निवडणूक आयोगावर बोट ठेवताना काँग्रेसवाल्यांनी त्या दिवसाचा हिशोब कुठं मांडलाय?

पण यादीचा प्रश्न त्यानं मिटत नाही, आणि हे भाचीलाही माहीत आहे. १ नोव्हेंबर २०२५ला मुंबईत विरोधकांनी 'सत्याचा मोर्चा' काढला तो दुबार नावांसाठीच. त्यानंतर राज्य निवडणूक आयोगानं सांगितलं की संभाव्य दुबार मतदाराच्या नावापुढं दोन तारे छापले जातील आणि तो एकाच ठिकाणी मत देणार असं लिहून घेतलं जाईल.

"दुबार म्हणजे चोर नव्हे," ती म्हणाली. "माझंच नाव दोन ठिकाणी आहे. इथं माहेरच्या नावानं, तिथं सासरच्या नावानं. लग्नानंतर वगळायचा अर्ज दिला, पोच घेतली, तरी नाव आहे तिथंच आहे. अशा लाख लेकी असतील. त्या काय बसनं फिरून दोनदा मत देतात?"

"तू म्हणजे दुबार!" मामांना इतका आनंद त्या दिवशी दुसऱ्या कशानं झाला नाही. "दोन तारखेला तिथं दिलंस, पंधरा जानेवारीला इथं ये. माहेरचं मत वाया नको जायला."

"वकिली घालवायची काय माझी?"

"बघा, वकील म्हणून भीती आहे. ज्याला नाही, त्याचं काय?" आणि हा प्रश्न चुकीचा नव्हता. एक नाव दोनदा असणं ही ढिलाई. ती ढिलाई कुणाच्या उपयोगी पडली, हे यादी नीट तपासू दिली तरच कळेल. तपासायचं म्हटलं की कागदांचे गठ्ठे मिळतात. यंत्रानं शोधता येईल अशी यादी मागितली की नकार येतो. सत्तेत असणाऱ्याला यादी निर्मळ वाटते आणि पडलेल्याला गढूळ, हे तर आहेच. भाचीचा पक्ष उद्या हरला तर हीच दोन ताऱ्यांची यादी ती मामांच्या पुढ्यात आपटेल, याची मला खात्री आहे.

मला स्वतःला या सगळ्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा राग येतो, आणि तो मी दोघांना बोलून दाखवला. कोल्हापूर नगरपालिका १८५४ची. तिची महानगरपालिका झाली १९७२च्या डिसेंबरात. या निवडणुकीआधी शहरानं नगरसेवक निवडले होते २०१५ला. त्यांची मुदत १५ नोव्हेंबर २०२०ला संपली. तेव्हापासून पाच वर्षं इथं एकही लोकनियुक्त माणूस नव्हता. आयुक्त तोच प्रशासक. तोच प्रस्ताव मांडणार, तोच मंजूर करणार. २०१५ला जी पोरं तेरा वर्षांची होती ती २०२५ला तेवीसची झाली, आणि आपल्या गल्लीसाठी त्यांनी एकदाही मत दिलेलं नव्हतं. घटनेच्या २४३-यू कलमात साधं लिहिलंय : पालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि ती संपायच्या आत पुढची निवडणूक. सर्वोच्च न्यायालयानं २००६ला अहमदाबादच्या प्रकरणात बजावलंही की कारणं सांगत बसू नका.

कारणं मात्र भरपूर होती. आधी कोरोना. मग मार्च २०२१ला ओबीसी आरक्षणाचा निकाल आला, तिहेरी चाचणी पार पाडा म्हणून. मग त्यासाठीची आकडेवारी गोळा करायला बांठिया आयोग. मग प्रभाग एक सदस्याचे की तीनचे की चारचे. प्रत्येक सरकारनं आल्या आल्या प्रभागरचना मोडली आणि नवी केली, त्यावर कोर्टकज्जे. ऑगस्ट २०२२ला 'जैसे थे'चा आदेश. शेवटी ६ मे २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं. तेही झालं नाही, मग ३१ जानेवारी २०२६ ही मुदत दिली.

"पहिली दीड-दोन वर्षं तुमची आघाडी होती," मी मामांना म्हणालो. "पुढची साडेतीन तुमची युती," भाचीला म्हणालो. "थेट नगराध्यक्षाचा कायदा फिरवायला दोघांनाही काही आठवडे-महिने पुरले. निवडणूक घ्यायला पाच वर्षं."

"ओबीसींच्या जागा जात होत्या," मामा म्हणाले. "घाई करून घेतली असती तर एका समाजाचा हक्क गेला असता."

"बरोबर," भाची म्हणाली. त्या दुपारी दोघांचं एकमत झालेली ही एकच गोष्ट.

हे कारण खोटं नाही. पण आरक्षणासाठी लागणारी आकडेवारी गोळा करायला आयोग नेमा, असं न्यायालय सांगत असताना दोन्ही सरकारांनी जी चालढकल केली तिला समाजाची काळजी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. प्रशासक असला की मंत्रालयातून एक फोन पुरतो, एक्क्याऐंशी जणांची समजूत काढावी लागत नाही. पालकमंत्री कुठल्याही पक्षाचा असो, त्याला ही व्यवस्था पचते. आणि लोकांनाही तिची सवय लागली, हे त्याहून वाईट. टोलविरोधात ज्या शहरानं वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरून शेवटी टोल घालवला, त्या शहरात महापालिकेची निवडणूक घ्या म्हणून एकही तसा मोर्चा निघाला नाही. शहराच्या हद्दवाढीसाठी कृती समिती, हद्दवाढीविरोधात कृती समिती, खंडपीठासाठी कृती समिती. मतासाठी कुणाचीच नाही.

"लोकांना नगरसेवकाची आठवण आली नाही, ह्याचा अर्थ काय घ्यायचा?" भाची म्हणाली. "प्रशासक होता तेव्हा दाखला वेळेत मिळायचा."

मामा उसळले. "आणि रस्त्यावरचा खड्डा? साहेब तीन वर्षांत बदलून जातो. नगरसेवक पळून कुठं जाणार? पेठेतच राहतो. सकाळी दूध आणायला गेलं की गंगावेशीत सापडतो. त्याला चारचौघांत दोन शब्द सुनावता येतात. आयुक्ताला सुनवून बघ, सरकारी कामात अडथळा म्हणून गुन्हा दाखल होईल."

"आता सुनवायला चार मिळणार तुम्हाला," ती म्हणाली.

हे मामांना नवीन होतं. २०१५ला एक प्रभाग, एक नगरसेवक. या वेळी वीस प्रभाग, एकोणीस प्रभागांत चार-चार आणि एकात पाच. चार वेळा बटण दाबायचं. मामांनी चष्मा काढून पुसला.

"चार? म्हणजे दारातली गटार तुंबली तर धरायचा कुणाला?"

"चौघांना."

"चौघांची म्हणजे कुणाचीच नाही. हे पण लोकांच्या सोयीसाठी काय?"

"पॅनेल असतंय, मामा. एकाच चिन्हावर चारही दाबायची. सोपं आहे."

"तुमच्या पार्टीला सोपं. मी एक ह्याचा, एक त्याचा, असं दिलं तर?"

"द्या की. पण चारही द्यावी लागतील. नको असेल तिथं नोटा दाबा."

मामांनी बोटं मोजली. त्यांना उजव्या हाताला थोडा कंप आहे. चार वेळा नीट दाबायचं म्हणजे वेळ लागणार, मागं रांग खोळंबणार. बूथवर डमी मतपत्रिका मिळते का, ती आदल्या दिवशी घरी आणून देशील का, असं त्यांनी तिलाच विचारलं. कमळाच्या बूथवरून हाताच्या मतदाराला. ती "देतो" म्हणाली.

निघताना तिनं दारातून वळून एक ठेवून दिलंच. "काय वाट्टेल ते करा, एक्क्याऐंशीत एक्केचाळीस लागतात. या खेपेला महापौर आमचाच बसणार."

"किती महिने?" मामांनी विचारलं.